अकरा आजोबा

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी ४६ आजोबा तपासायला घेतले. आठवी ब, विषय ‘माझे आजोबा’, किमान पंधरा ओळी, गुण दहा. पहिले सहा-सात आजोबा बरे गेले. एक शेळ्या राखत होते, एक नुसतेच खोकत होते, एकांनी दोन लग्नं केली होती आणि नातवाने ती कौतुकाने लिहिली होती. आठव्या वहीतले आजोबा मात्र एकदम टापटीप. वय ७५, अंगाने सडपातळ, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, सगळे दात शाबूत, रोज पहाटे पाचला उठून ज्ञानेश्वरी वाचणारे. छान, म्हटलं. बाराव्या वहीत तेच गृहस्थ पुन्हा भेटले. सोळाव्या वहीतही पाचला उठून बसलेलेच होते. चहाची वेळ होईस्तोवर अकरा वह्यांत अकरा आजोबा झाले, अकराही ७५ वर्षांचे, आणि त्यांचे मिळून ३५२ दात शाबूत.

आता अडचण अशी, की या आजोबांना मी ओळखते. तालुक्याच्या गावात सव्वीस वर्षं मराठी शिकवलं की मुलांचे बाप आपल्या हाताखालून गेलेले असतात आणि आजोबा बाजारात भेटतात. (मुलांची नावं सांगत नाही. ती मोठी होतील, नोकरीला लागतील, एखादा नशिबाने शिक्षकही होईल. हजेरी क्रमांक सांगते.) हजेरी क्रमांक ९ चे आजोबा मला दर आठवडी बाजारात मेथी देतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, हिशेब मात्र माझ्याआधी होतो, आणि त्यांच्या तोंडात दात असलाच तर तो गेल्या दिवाळीनंतर आलेला असणार. हजेरी क्रमांक ३१ या मुलीचे आजोबा मशिदीसमोर सायकलचं दुकान चालवतात. ते रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचून आषाढीला पायी पंढरपूरला जातात, ही माहिती मला नवीन होती. जात असतील तर आनंदच आहे. आमचं गाव फलटणच्या बाजूचं, पालखीच्या वाटेवरचं. इथे कोण कधी चालायला लागेल सांगता येत नाही.

चोरी उघड होती. पण मी पडले मराठीची बाई. मला चोरीपेक्षा पाठभेदांत रस वाटायला लागला.

झालं असं होतं, की एका वहीत ‘माझे आजोबा अतिशय करारी होते’ असं वाक्य होतं. दुसऱ्या वहीत र चा ड झाला आणि आजोबा ‘अतिशय कराडी’ झाले. तिसऱ्या वहीतल्या मुलाने थोडं डोकं चालवलं. ‘अतिशय कराडी’ काही बरोबर वाटत नाही म्हणून त्याने ‘माझे आजोबा कराडचे होते’ असं शुद्ध करून टाकलं. पुढच्या चार वह्यांत ते कराडचेच राहिले आणि सगळ्यात शेवटच्या वहीत ‘माझे आजोबा कराडचे होते, तेथे कृष्णा व कोयना या नद्यांचा संगम आहे’ अशी भूगोलाची भर पडली. ‘वटवृक्षासारखे’ चं एका ठिकाणी ‘वाटवृक्षासारखे’ आणि पुढे ‘वाट बघण्यासारखे’ झालं होतं. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती गोळा करून, लेखनिकांनी घातलेले घोळ निस्तरून शुद्ध प्रत तयार केली, हे मी दरवर्षी शिकवते. त्या रविवारी ते काय काम असेल याचा पहिल्यांदा अंदाज आला. अकरा वह्या जमिनीवर पसरल्या आणि कुणी कुणाचं पाहून लिहिलं याची वंशावळ खडूने फरशीवर काढली. मूळ पुरुष निघाला हजेरी क्रमांक २३. त्याच्याकडे थोरल्या भावाचं गाइड होतं. त्याची प्रत सर्वांत शुद्ध, अक्षर तर मोत्यासारखं. हजेरी क्रमांक १७ ने शेवटी गाइडातली सूचनाही सुवाच्य अक्षरांत उतरवली होती: ‘मुद्दे वाढवून निबंध मोठा करता येईल.’

आमचे हे खोलीत डोकावले, फरशीकडे पाहिलं आणि कुणाच्या जमिनीच्या वाटणीचं आहे का, असं विचारून गेले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी अकरा वह्या शिक्षकखोलीत टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, काय करायचं? आमच्याकडे शिक्षा या विषयावर मत नसलेला माणूस नाही. पी.टी.चे सर म्हणाले, “मैदानाला दहा फेऱ्या, बास.” हेडसर म्हणाले, “फेऱ्या नकोत.” कारण शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही बंद झाले. आमच्या कपाटात तेव्हापासून एक छडी पडून आहे. सध्या तिने आम्ही पंख्याचं बटण दाबतो. पी.टी.चे सर म्हणाले, फेऱ्या म्हणजे व्यायाम, शिक्षा नव्हे. हेडसर म्हणाले, मग सगळ्या ४६ जणांना द्या. तिथे तो विषय संपला.

गणिताचे सर शांतपणे डबा खात होते. ते म्हणाले, “निबंध एकच आहे ना? मग मार्क एकदाच द्या. दहापैकी किती देताय?” मी म्हटलं, सात. “सात भागिले अकरा. प्रत्येकी शून्य पूर्णांक त्रेसष्ट. आणि वर्गाला वाटायला सांगा.” हा न्याय मला फार आवडला होता, पण ऑनलाइन गुण भरताना तो चौकटीत बसत नाही असं लेखनिक म्हणाले.

बोर्डाच्या परीक्षेत कुणी कॉपी करताना सापडलं तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याला भरारी पथक आहे, बैठं पथक आहे, १९८२ सालचा स्वतंत्र कायदा आहे. गृहपाठाच्या कॉपीला कुणी वाली नाही. ती सकाळी प्रार्थनेच्या आधी सायकल स्टँडवर, गाडीच्या सीटवर वही ठेवून राजरोस चालते. तिथे जाऊन उभी राहिले तर मुलं मलाच सरकून जागा देतात.

आमच्या लहानपणी या गुन्ह्याला एकच शिक्षा होती: “दहा वेळा लिहून आण.” आज विचार केला की हसू येतं. पोराने उतरवून आणलं म्हणून त्याला काय शिक्षा, तर तेच आणखी दहा वेळा उतरवून आण! भजी चोरणाऱ्याला दहा प्लेट भजी खायला घालावीत तसं. आणि ती शिक्षाही आम्ही किती कष्टाने चुकवायचो. दोन पेनं रबरबँडने बांधून एका झटक्यात दोन ओळी लिहायचं तंत्र माझ्या मोठ्या भावाला येत होतं. दोन ओळींमधलं अंतर नेमकं येण्यासाठी मध्ये खोडरबराचा तुकडा लागायचा. मला उभी पद्धत आवडायची. ‘मी पुन्हा गृहपाठ चोरणार नाही’ हे वाक्य आडवं लिहायचं नाही. आधी पानाच्या डावीकडे वरून खाली ‘मी’, ‘मी’, ‘मी’. मग शेजारी ‘पुन्हा’ ची रांग. मग ‘गृहपाठ’. असं केलं की डोकं वापरावं लागत नाही. एकदा मध्येच लाइट गेले आणि मी ‘नाही’ ची रांग घालायची विसरले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात ‘मी पुन्हा गृहपाठ चोरणार’ असं दहा वेळा लिहिलेलं प्रतिज्ञापत्र पडलं.

माझी खरी चोरी मात्र त्या गृहपाठाहून मोठी. सहावीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी मी ‘किशोर’ मासिकातली एक आख्खी कविता माझ्या नावावर दिली. बारा ओळी, खाली माझं नाव, नावाखाली दोन रेघा. आईने ती शेजारणींना वाचून दाखवली. बाबांनी मामाला पत्राने कळवलं. आठवड्याने हस्तलिखित वर्गात फिरलं तेव्हा माझ्या नावाच्या आधी लाल शाईने एकच शब्द आला होता: ‘संकलन’. बाईंनी मला बोलावलं नाही, रागावल्या नाहीत, कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं ही काहीतरी पदवी आहे. मी घरी येऊन सांगितलं की मला संकलन मिळालं. आईने तेही शेजारी सांगितलं. त्या शब्दाचा अर्थ मला आठवीत कळला, एका लग्नाच्या पंगतीत, हातात जिलेबी असताना. दोन वर्षांनी आणि जेवताना लागू पडणारी दुसरी शिक्षा मी अजून पाहिलेली नाही. पण ती द्यायला बाईंएवढा धीर लागतो, आणि आम्हाला सहामाहीच्या आत अभ्यासक्रम संपवायचा असतो.

तेव्हा लेखनिकांचा तोडगा मान्य झाला: माफीचा अर्ज लिहून घ्या, फाइलला लावा. सरकारी माणसाला फाइलला लागलेली गोष्ट संपल्यासारखी वाटते. मी अकरा जणांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, स्वतःच्या मनाने लिहा, तासाभरात द्या. तासाभराने अकरा अर्ज आले. ‘विषय: निबंध चोरल्याबद्दल माफी मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की...’ अकराही तसेच. ‘पश्चात्ताप’ अकराही ठिकाणी ‘पश्चाताप’. खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. हजेरी क्रमांक ३१ ही मुलगी असूनही विद्यार्थीच झाली होती. एका अर्जात सहीच्या जागी हजेरी क्रमांक २३ चं नाव लिहून खोडलेलं होतं.

मी ते अर्ज शिक्षकखोलीत वाचून दाखवले. पी.टी.चे सर इतके हसले की त्यांनाच मैदानाला फेरी मारून यावं लागलं.

गणिताच्या सरांची मुलगी पुण्याला पीएच.डी. करते. त्यामुळे वाङ्मयचौर्याबद्दल त्यांना आमच्यापेक्षा वरच्या इयत्तेचं ज्ञान आहे. त्यांनी सांगितलं की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याचे रीतसर नियमच केले आहेत आणि ते पायऱ्या-पायऱ्यांचे आहेत. प्रबंधातला दहा टक्क्यांपर्यंतचा मजकूर दुसरीकडच्याशी जुळला तर काही शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचा. चाळीसच्या वर साठपर्यंत गेला तर सुधारलेलाही वर्षभर देता येत नाही. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. मला हे ऐकून बाजारातल्या वजनकाट्याची आठवण झाली. किलोमागे शंभर ग्रॅम मारलं तर चालतं, चारशे मारलं तर परत मोजून दे, त्याच्या वर गेलास तर गाडी उचल.

आम्ही लगेच ती मोजपट्टी आठवी ब ला लावून पाहिली. अकराही निबंध साठच्या वर. हजेरी क्रमांक २३ चा तर शंभर टक्के, शीर्षकासह. त्यातलं त्याचं स्वतःचं काय म्हणाल तर समास. पण नोंदणी रद्द म्हणजे शाळेतून नाव काढणं, आणि त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे पोरांनी चोरी अगदी योग्य इयत्तेत केली होती. सर पुढे सांगत होते की आयोगाचे नियम प्राध्यापकांनाही लागू आहेत, त्यांचा लेख चाळीस टक्क्यांच्या वर उसना निघाला तर एक वार्षिक वेतनवाढ बंद होते, साठच्या वर गेला तर लागोपाठ दोन. ‘वेतनवाढ’ हा शब्द आला आणि खोलीत शांतता पसरली. ज्यांच्या टाचणवह्या उघड्या होत्या त्यांनी त्या मिटल्या. पाठाचं टाचण कुठून येतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ते मागच्या वर्षीच्या टाचणातून येतं आणि मागच्या वर्षीचं त्याच्या मागच्या.

या प्रकरणात माझ्या मनाला खरी टोचणी लागली ती वेगळ्याच मुलीमुळे. हजेरी क्रमांक ४०. तिचा निबंध अस्सल होता. तिचे आजोबा रात्री झोपेत ट्रक चालवतात, म्हणजे पलंगावर पडूनच गिअर टाकतात, असं तिने लिहिलं होतं. वर्षभर अर्धा वर्ग तिच्याच वह्या घेऊन फिरतो, आणि गणिताचे सर वही देणारा आणि घेणारा दोघांनाही उभं करतात. मी तिला विचारलं, कशाला देतेस? ती म्हणाली, “मी नाही देत बाई. वही फिरून येते.”

मला सालोमालो आठवला. तुकोबांचे अभंग घ्यायचे, ‘तुका म्हणे’ काढायचं, तिथे स्वतःचं नाव घालायचं आणि कीर्तनात म्हणायचे, हा त्याचा धंदा अशी परंपरा आहे. तुकोबांनी त्याच्यावर चिडून अभंगही केले. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात तर तो पहिल्यापासून खलनायक म्हणून वावरतो. अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफणं हे त्या काळचं कुलूप होतं, आणि ते उघडणं किती सोपं होतं हे सालोमालोने दाखवलं. मी वर्गात दरवर्षी विचारते, सालोमालोला काय शिक्षा झाली? कुणालाच सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखी काही झालीच नाही. इंद्रायणीत वह्या बुडवायची वेळ आली ती तुकोबांवर. ज्याची वही त्यालाच बुडवायचा आदेश, ही पद्धत आमच्या गणिताच्या सरांच्या आधीपासूनची आहे.

मध्येच हजेरी क्रमांक ४ चं सांगायला हवं. तो अकरांत नव्हता. त्याच्या निबंधात एकही चूक नव्हती, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा, त्यामुळे मला आधी आनंदाने भरूनच आलं. निबंधाची सुरुवात अशी होती: ‘नक्कीच! येथे इयत्ता आठवीसाठी माझे आजोबा या विषयावर सुंदर निबंध आहे.’ आणि शेवट: ‘हा निबंध आणखी सोपा किंवा भावनिक करून देऊ का?’ दोन्ही वाक्यं लाल समासाच्या आत, निळ्या शाईत, पूर्णविरामासकट. मी शेजारी लिहिलं, ‘भावनिक करून दे.’ दुसऱ्या दिवशी तो खरंच भावनिक करून घेऊन आला. आजोबा वारले होते. त्याच संध्याकाळी ते मला दूध डेअरीच्या रांगेत दिसले. मी त्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ नमस्कार केला.

गणिताच्या सरांनी तो निबंध मोबाइलमधल्या त्या यंत्रालाच दाखवला आणि विचारलं, हा तू लिहिलास का? ते म्हणालं, शक्यता खूप आहे. मग सरांनी हेडसरांचं २६ जानेवारीचं भाषण दाखवलं. तेही आपलंच असावं असं ते म्हणालं. ते भाषण मी या शाळेत आले त्या वर्षी, म्हणजे गावात कुणाकडे मोबाइलसुद्धा नव्हता तेव्हा, पहिल्यांदा ऐकलं आणि त्यानंतर दरवर्षी ऐकते. यंत्राच्या साक्षीवर शिक्षा द्यायची नाही, असं त्याच दिवशी ठरलं. ठराव हेडसरांनी मांडला.

शेवटी उरला तो हुकमी उपाय: पालकांना घेऊन या. पण पालक आले की काय होतं मला माहीत आहे. बाप मोटारसायकल बंद न करता फाटकाशीच विचारतो, “मारलंत का? मारा, माझी परवानगी आहे.” कायद्याने नको म्हटलेली गोष्ट तो इतक्या मोठ्या मनाने देऊ करतो की नाही म्हणायला जड जातं. शिवाय यांतले चार बाप माझेच विद्यार्थी. त्यांनी काय काय चोरलं होतं ते मला आठवतं, आणि मला आठवतं हे त्यांनाही माहीत असतं. मग दोघंही फाटकाकडे बघत उभे राहतो.

म्हणून मी वर्गात सांगितलं, पालक नकोत. शनिवारी आजोबांना घेऊन या.

वर्गात जो सन्नाटा पसरला तसा छडीच्या काळातही पसरत नसे. हजेरी क्रमांक ९ म्हणाला, त्याच्या आजोबांना ऐकू येत नाही. मी म्हटलं, त्यांना मेथीचा भाव बरोबर ऐकू येतो. हजेरी क्रमांक १२ म्हणाला, आजोबा कराडला गेलेत. सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला आणि तो आपोआप खाली बसला.

शनिवारी सकाळची शाळा. अकरांपैकी आठ आजोबा आले, एका मुलीचे आजोबा नाहीत म्हणून आजी आली. मी काय कारणासाठी बोलावलंय हे कुणीच घरी सांगितलं नव्हतं. नातवाला बक्षीस आहे असं समजून एकजण फेटा बांधून आले. सायकलवाले आजोबा हातात तेलाचं फडकं घेऊनच आले, कारण दुकान उघडं होतं. शिपाईमामांनी खुर्च्या मांडल्या. हेडसर मघापासून खिडकीतून कलम १७ च्या नजरेने बघत होते.

मी हजेरी क्रमांक २३ ला उभं केलं आणि निबंध वाचायला सांगितला. त्याने खणखणीत वाचला. पोरगा वाचतो छान. सडपातळ अंग, काळी टोपी, शाबूत दात, पहाटेची ज्ञानेश्वरी. आठही आजोबा मान डोलावत ऐकत होते. वाचून झालं तेव्हा फेटेवाल्यांनी विचारलं, “कोणाच्या आजोबांवर आहे हा?” मी म्हटलं, तुमच्या. आणि त्यांच्या. आणि ह्यांच्यापण. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मेथीवाले आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही, तेच आधी हसले. सगळे दिसतील असं हसले, त्यामुळे दातांचा मुद्दा आपोआप निकालात निघाला.

सायकलवाले आजोबा मात्र गंभीर होते. ते म्हणाले, “बाई, ज्ञानेश्वरी मी वाचत नाही. खोटं कशाला बोलू. पालखी येती तेव्हा दिंडीच्या हातगाड्यांची, सायकलींची पंक्चर फुकट काढतो. चाळीस वर्षं झाली. एका वर्षी एका दिवसात त्रेसष्ट काढलेली.” आणि नातीकडे वळून म्हणाले, “हे का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “हे गाइडात नव्हतं.”

मग शिंपीकाम केलेले एक आजोबा होते, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसलेले. ते म्हणाले, “हा निबंध मी ऐकलाय.” मी विचारलं, कुठे? “माझ्या थोरल्यानं लिहिला होता. हितंच, ह्याच शाळेत. तवा तो माझ्या बापावर होता. त्याला बी पंच्याहत्तर वर्षंच होती.” थोडा वेळ गेला. “बाई, तुम्हीच शिकवायला होता तवा.”

मी पटकन चहा सांगितला.

चहाबरोबर जे बोलणं झालं ते मुलं ऐकत होती. कोण कुठल्या दुष्काळात काय खायचं, कोणी लग्नात बैल विकला, कोणाचा विहिरीत पडलेला चष्मा अजून तिथेच आहे. फेटेवाल्यांना बक्षीस नाही म्हटल्यावर वाईट वाटलं, तेव्हा हेडसरांनी कपाटातून गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा एक उरलेला प्याला काढून दिला. अकरा जणांनी सोमवारी निबंध पुन्हा लिहून आणले. हजेरी क्रमांक ३१ ने त्रेसष्ट पंक्चरांवर दीड पान लिहिलं. नऊ निबंध वेगवेगळे होते, दोन अजूनही थोडे सारखे, पण ते दोघे चुलतभाऊ आहेत, त्यांना आजोबाच एक आहेत. मी बराच विचार करून दोघांना पूर्ण गुण दिले.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं आली. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. प्रत्येक मुलाचं नीट निरीक्षण करून, त्याच्या प्रगतीबद्दल शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. त्या कुठून येतात हे विचारू नये. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांची पीडीएफ येते, विषयवार, अनुक्रमांकासह. मी शिक्षकखोलीत चष्मा लावून मोबाइल टेबलावर उभा केला आणि भाषा विषयाची सातवी नोंद उतरवायला घेतली: ‘स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो.’ १४ व्या क्रमांकापर्यंत आले होते, हात भरून आला होता, तेवढ्यात खडू न्यायला हजेरी क्रमांक २३ आत आला. त्याने मोबाइलकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग परत मोबाइलकडे.

“बाई, कुठून उतरवताय?”

मी काही बोलले नाही. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. खुर्ची सरकवली, पेन दिलं आणि पंधरापासून पुढचे सगळे त्याच्याकडे सोपवले. त्याने निमूट लिहायला सुरुवात केली. स्वतःच्या क्रमांकावर आला तेव्हा थोडा थांबला, वर न बघता तेच वाक्य लिहिलं आणि पुढे गेला. तिसाव्याच्या आसपास त्याने मान वर केली.

“बाई, सगळ्यांना तेच आहे. खाली नुसती ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण करू?”

“नको,” मी म्हटलं. “पूर्ण लिही.”